जपानी लोलिता फ्रॉक घेताना

संपादक महोदय,

‘अँजेलिक प्रिटी’, ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ या जपानी ब्रँडचे नवे लोलिता फ्रॉक (झालरी-लेसचे, घेरदार, बाहुलीच्या पोशाखासारखे) मागवताना मुली आधी नक्षी पाहतात. आधी कापड पाहायला हवे! पॉलिस्टर शिफॉन मुंबईच्या दमट हवेत अंगाला चिकटते; इथे सुतीच बरे. माप तर हमखास चुकते. पाठीला इलॅस्टिकच्या चुण्या असतील तरच फ्रॉक छातीत ताणला जातो, नसतील तर दोन इंच मोकळीक धराच. घेराखालचा पेटिकोट फ्रॉकपेक्षा दोन इंच आखूड हवा, नाहीतर खालून डोकावतो. कडक नेट पायांना टोचते, त्याला आतून मलमलचे अस्तर लावून घ्या. आणि लाल-काळ्या फ्रॉकला पांढरी लेस असेल, तर तो भिजत मुळीच घालू नका. रंग लेसवर उतरला की जात नाही.

– एक वाचक, दादर, मुंबई