चि. सुरेखास

चि. सुरेखा, अनेक आशीर्वाद.

बुढी आत्या परवापासून उठली नाही. ताप उतरला, पण अंगात त्राण नाही. दिवाळीची वाट न पाहता येऊन जा. रेकॉर्डर आण, पण आधी तिच्याजवळ बस. तुझ्या प्रबंधात आपल्या माणसांची खरी नावं नको, असं मी फोनवर बोललो तर तू चिडलीस. आज तो विषय काढणार नव्हतो.

आपल्यासारख्यांना जन्मानंच चोर ठरवणाऱ्या 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पोरं मायबापापासून तोडून सरकारी शाळेत ठेवायची मुभा होती, हे तू वाचून दाखवलंस तेव्हा मी उठून गोठ्यात गेलो. राग नव्हता, आबा आठवले. त्याच कायद्याखाली सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात लहानपण गेलं त्यांचं. बाहेर जायचं तर पास, आत हजेरी. म्हातारपणी जेवताना कोणी जोरात नाव घेतलं तरी घास हातात तसाच धरून उभे राहायचे, "हजर" म्हणायचे. हे लिही. नाव नको लिहू.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. तरी कुठं मोटारीची चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी आपल्या वस्तीवर, बेड्यावर येते. इंग्रजानंही नावंच लिहून नेली होती ना? बेड्यावरच्या बायका तुला घरची पोर समजून आपलं सगळं सांगतात. लिहिलेलं त्यांना आपल्या बोलीत वाचून दाखव, नको म्हणतील ते खोड.

झालं, पुन्हा शिकवायला लागलो. राग मानू नको. तुला आश्रमशाळेत सोडलं तेव्हा तू खिडकीचा गज सोडत नव्हतीस. तुझी माय बसस्टँडवर पाण्याचा घोट घेईना. पण तुला कोणी ओढून नेलं नव्हतं, मी माझ्या पायानं नेलं, आणि आज त्याच पोरीला नागपूरचे प्रोफेसर आपल्या लोकांबद्दल विचारतात. हा फरकही लिहिशील ना?

आत्याला तुझं काम सांगितलं तर म्हणते, "मायं नाव लिह्य म्हना तिले. म्या काय चोरी केली?" यावर मला उत्तर सुचलं नाही. तिचं नाव घालायचं तर तिलाच विचारून घाल. पण बेड्याचं आणि आमच्या पोरांचं नको. बाजी यंदा पोलीस भरतीला उतरतोय, पहाटे धावायला जातो. नावांचं तुझ्या प्रबंधाच्या गाईडशी बोलून लवकर कळव.

तुझा,
बाबा