टीडीएसच्या पेनाला जंतू दिसत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॅनोतंतूंच्या, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक धाग्यांच्या, पडद्याने पाणी गाळण्यावरचा आपल्या अंकातला लेख आवडला. मी कलाभवनात वस्त्ररसायन शिकले, त्यामुळे तो दोनदा वाचला. पण हा पडदा काय अडवतो आणि काय नाही, हे त्यात आले नाही. आम्हा बडोदेकरांना तेच आधी कळायला हवे.

2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी शिरले. पूर ओसरल्यावर आठवडाभरात आरओ, म्हणजे दाबाने पाणी पडद्यातून ढकलून क्षार काढणारे मशीन, विकणारा एक मुलगा आला. नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून त्याने वीज सोडली; पाणी तपकिरी झाले, वर फेस आला. त्याच्या मशीनचे पाणी मात्र स्वच्छच राहिले. शेजारच्या वहिनींनी घाबरून तिथल्या तिथे पैसे भरले. ती घाण पाण्यातली नव्हतीच. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळईचे लोखंड गंजून उतरते. मशीनच्या पाण्यात मी चिमूटभर मीठ टाकायला लावले, तर तेही तसेच तपकिरी झाले.

त्या मुलाच्याच पेनासारख्या मीटरवर आमच्या नळाचे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 230 मिलिग्रॅम आले होते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ते चांगले धरतात. म्हणजे क्षारांची तक्रार नव्हतीच. भीती होती टाकीत शिरलेल्या गटाराची, आणि हा पेन जंतू मोजत नाही. आरओ जंतूही अडवते हे खरे, पण लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जाते. शिवाय त्याला वीज लागते, आणि पुरात पहिली जाते ती वीजच.

म्हणून मला नॅनोतंतूंची आशा वाटते. आई नळाला जुन्या धोतराचे फडके बांधायची, त्याच वाटेवरची ही पुढची पायरी आहे. फडक्यालाही कमी लेखू नये. बांगलादेशात जुन्या सुती साडीची चौघडी करून पाणी गाळल्याने कॉलरा 48 टक्क्यांनी घटला, असे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवले. कॉलऱ्याचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटलेले असतात, ते साडीत अडकतात. सुटा जंतू मात्र साडीतून निसटतो. त्याला अडवायला केसाच्या शेकडो पटीने बारीक धागा हवा. पॉलिमरचे द्रावण सुईतून सोडून हजारो व्होल्टच्या दाबाने ओढले की तसा धागा निघतो. ही युक्ती जुनीच. अंतोन फॉर्महाल्स यांचे तिच्यावरचे अमेरिकी पेटंट 1934 चे आहे. त्या धाग्यांच्या जाळीत पोकळीच जास्त, त्यामुळे वर ठेवलेल्या भांड्यातले पाणी विजेशिवायही खाली झिरपते. भोके पुरेशी बारीक असली तर गढूळपणा आणि हगवणीचे बहुतेक जंतू वरच राहतात.

पण काविळीचा विषाणू 30 नॅनोमीटरच्या आसपासचा. नुसत्या जाळीतून तो सहज जातो. त्यासाठी पाणी उकळायला हवे किंवा त्यात क्लोरीन टाकायला हवे. क्षार आणि नायट्रेटही जाळी अडवत नाही. म्हणून खाऱ्या बोअरच्या पाण्याला ती कामाची नाही. जाळी नाजूक असते, गाळाने तुंबते आणि घासून धुता येत नाही. ती कुठे फाटली तर पाणी उलट भराभर पडते आणि घरच्यांना वाटते, फिल्टर झकास चालला आहे! हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

तेव्हा पुढच्या लेखात भोकांचे माप, विषाणूंची चाचणी आणि जाळी बदलण्याची मुदत जरूर छापा. आणि महापालिकेने पावसाळ्यात दर आठवड्याला प्रत्येक वॉर्डातले क्लोरीनचे प्रमाण आणि जंतूंचा अहवाल जाहीर करावा, ही मागणी आपल्या पत्राने लावून धरावी.

वहिनी आता विचारताहेत, नॅनोचा फिल्टर घेऊ का? चाचणीचा कागद पाहिल्याशिवाय नको, असे मी त्यांना सांगितले आहे. तोवर आम्ही टाकी घासून घेतली आहे आणि दोन्ही घरांत पाणी उकळूनच पितो.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे