काळ्या दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरणे थांबवा : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार,
सादर नमस्कार.

बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेच्या मार्गावरच्या एका लहान गावाच्या स्टेशनाबद्दल हे पत्र आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. नाव लिहिले की तिथल्या एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला नोटीस निघते आणि काम तसेच चालू राहते. सुशोभीकरणात जुन्या दगडी इमारतीला हात लावला जाणार नाही, असे लेखी उत्तर गावकऱ्यांना मिळाले होते. गेल्या आठवड्यात त्याच इमारतीच्या दर्शनी भिंतीतला चुना छिन्नीने खरवडला, दर्जांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरले आणि जोत्यापासून खिडक्यांच्या कमानींपर्यंत ऑइलपेंट फासला. लेखी उत्तर पाळायचे नव्हते, तर दिले कशाला?

ही इमारत कशाचा भाग आहे, ते आपल्या खात्याला सांगावे लागते हेच दुःख आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा 21 मैलांचा रूळमार्ग सुरू केला. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, अडीच फूट. इंजिन असो, डबा असो वा मालवाघीण, चाकांच्या कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नाही, हे त्याचे सूत्र. भार असा सारखा वाटल्यामुळे दर यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, आणि तरीही त्यावरून लांब बोगी डबे धावले. 1906 ला गाडी पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. सगळा मिळून 202 मैल. 1954 मध्ये सरकारने तो विकत घेतला. जगभरचे रेल्वे अभ्यासक या मार्गाकडे लहान गेजचा नमुना म्हणून पाहतात. आपण त्याच्या इमारतींकडे कसला नमुना म्हणून पाहता?

आता नुकसान नेमके काय झाले, ते ऐका. आपला काळा पाषाण इतका घट्ट असतो की त्यातून ओल जवळजवळ जातच नाही. भिंत श्वास घेते ती दर्जांतून. चुना मऊ आणि सच्छिद्र, म्हणून पावसात शिरलेले आणि जमिनीतून चढलेले पाणी त्या वाटेने बाहेर पडून वाळते. बाहेरून सिमेंट भरले, वर ऑइलपेंटचा थर दिला, की ती वाट बुजते. पाणी मग आत वळते. एकदोन पावसाळ्यांत तिकीटघराच्या आतल्या भिंतीला क्षारांचा लोणा लागतो, गिलावा पोपडे धरून सुटतो आणि भिंतीत रुतलेली सागवानी तुळयांची टोके कुजू लागतात. बाहेरून भिंत टवटवीत दिसते, म्हणून पाहणीला आलेला साहेब समाधानाने सही करून जातो. पुढे तीच इमारत 'धोकादायक' ठरवून पाडायची. हा क्रम आम्हाला पाठ झाला आहे.

दुसरे नुकसान फलाटाचे. अडीच फुटी गेजच्या डब्यांचा तळ खाली असे, म्हणून जुने फलाट बुटके होते आणि इमारतीचे जोते त्यांच्या वर. 2000 नंतर मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून 760 ते 840 मिलिमीटर लागतो, याबद्दल तक्रार नाही. म्हाताऱ्या माणसांना तो हवाच. पण इमारतीच्या भिंतीला चिकटून भर घातली आणि जोते गाडले गेले. ज्या खोलीत पायरी चढून जायचे, तिथे आता दोन पायऱ्या उतरून जावे लागते, आणि फलाटाचा उतार नेमका तिच्याच उंबरठ्याकडे! पावसाचे पाणी दुसरीकडे जाणार कुठे? भिंतीपासून हातभर जागा सोडून तिथे जाळीची उघडी गटार ठेवली असती आणि उतार रुळाच्या बाजूला दिला असता, तर हे झाले नसते.

छपराबद्दल थोडेच. मंगलोरी कौले उतरवून पत्रे घातले. चार कौले फुटली तर चार बदलता येतात. पत्रा एप्रिलमध्ये तापतो आणि खाली बसणे अशक्य होते. दहा फूट खोल ओसरीही गेली. तिच्या जागी चकचकीत पॅनेलची कमान आली, जिची सावली दुपारी बाराला कुणाच्याच डोक्यावर पडत नाही. आषाढीला पोरेबाळे घेऊन आलेल्या बाया आता भिंतीच्या कडेला उन्हात बसतात.

6 ऑगस्ट 2023 रोजी 508 स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. त्यातली 44 महाराष्ट्रातली; सगळ्या 508 चा मिळून खर्च 24 हजार कोटींवर. एवढ्या पैशात चुना मळायची एक घाणी बसत नाही? पैसा कमी नाही, पद्धतच सडलेली आहे. सर्वांत कमी दराची निविदा घ्यायची, ठेकेदाराने सिमेंटचा गवंडी आणायचा, अभियंत्याची बदली व्हायची आणि उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असायची. मुंबईचे सीएसएमटी 2004 पासून जागतिक वारसा आहे, म्हणून तिथे दगडाला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार होतो. तालुक्याच्या दगडाला कुणी वाली नाही. रेल्वे बोर्डात वारशासाठी स्वतंत्र विभाग आहे; त्याचा एक तरी माणूस या गावांत उतरवा.

मागणी साधी आहे. आमच्या स्टेशनावरचे आणि या मार्गावरच्या उरलेल्या सगळ्या जुन्या इमारतींवरचे सिमेंटकाम आजच थांबवा. भरलेले सिमेंट हाताच्या छिन्नीने काढा. ग्राइंडर लावला तर दगडाच्या कडा जातील. कळीचा चुना निदान पंधरा दिवस पाण्यात मुरवा, एकास तीन वाळू घाला, दर्जा इंचभर खोल साफ करून ओल्या करा, चुना दाबून भरा आणि आठवडाभर ओली गोणपाटे लावा. ऑइलपेंट रसायनाने उतरवा, सँडब्लास्टिंग नको. आधी एक मीटर रुंदीचा तुकडा करून दाखवा, गावातल्या जुन्या गवंड्यांना बघू द्या, मगच पुढची भिंत धरा. आणि ते लेखी उत्तर कुणाच्या आदेशाने मोडले, हे आम्हाला लेखीच कळवा.

कळावे,
बार्शी लाइटच्या मार्गावरचे प्रवासी