शुल्क माफ, उड्डाणाचे तास कोण देणार?

संपादक महोदय,

विमान उड्डाण शिकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती जाहीर झाली की ती नेमकी कोणत्या खर्चाला मिळते, ते आधी पाहावे. राज्य शासनाने 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले, पण प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असेल तरच. एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला 50 हजार देते, तीही तंत्रशिक्षणाच्या पदवी-पदविकेला. थोडक्यात, एरोनॉटिकल इंजिनीअर होणारीची सोय आहे, वैमानिक होणारीची नाही. कारण तिचा पैसा वर्गात नाही, हवेत जातो.

सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याला 200 तास उड्डाण लागते. त्यांत 100 तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे), 20 तास क्रॉस-कंट्री म्हणजे दूरच्या विमानतळांपर्यंतचे (एक फेरी किमान 300 सागरी मैलांची), 10 तास इन्स्ट्रुमेंट म्हणजे फक्त उपकरणांच्या आधारे आणि 5 तास रात्रीचे. उत्तर प्रदेशात फुरसतगंजच्या ‘इग्रुआ’ या वैमानिक प्रशिक्षण अकादमीसारख्या सरकारी संस्थेतही हे 45 लाखांच्या घरात जाते. बीएस्सी एव्हिएशनची फी माफ केली तरी या आकड्याला धक्का लागत नाही. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. मुलीसाठी शेत गहाण टाकणारी घरे किती, हे वेगळे सांगायला नको.

विद्यापीठांनी म्हणूनच तासांवर पैसे द्यावेत. आधी वैमानिकाला लागणाऱ्या क्लास 2 आणि लगेच त्याहून कडक क्लास 1 वैद्यकीय तपासणीचा खर्च. क्लास 1 मध्ये मुलगी अपात्र ठरली, तर लाखो रुपये तरी अडकत नाहीत. मग नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर सुटल्यावर पहिला हप्ता. पुढचे हप्ते सोलो (पहिले एकटीने केलेले उड्डाण) झाल्यावर आणि मग 50, 100 व 150 तासांना, लॉगबुक म्हणजे उड्डाणांची नोंदवही तपासून थेट संस्थेला. एकरकमी भरणा कधीच नको. विमान दुरुस्तीला गेले, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाण थांबते आणि भरलेला पैसा तिथेच राहतो. त्यात हे 200 तास परवान्याच्या अर्जाआधीच्या पाच वर्षांतलेच धरतात. मधला हप्ता रखडला की आधी उडवलेले तासही हातचे जाऊ शकतात.

परवान्यानंतर ए320 किंवा बोइंग 737 चे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण उरतेच. त्याला निदान बिनव्याजी कर्ज मिळावे.

— एक उड्डाण प्रशिक्षक, गोंदिया