घरभाड्याचा विचार आधी करणाऱ्या मार्गदर्शक मॅडमना

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

कार्यालयातून निघताना मी आपले आभार मानले होते, पण ते निरोपाच्या गडबडीतले आभार होते. हे पत्र सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे, त्याला कारण आहे. उन्हाळी इंटर्नशिपसाठी मोठ्या शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकी कशाची मदत लागते, हे आपण ज्या बारकाईने ओळखलेत, ते इतर कार्यालयांतील वरिष्ठांनाही कळावे आणि पुढच्या उन्हाळ्यात अर्ज करणाऱ्या मुलामुलींनाही आपण काय विचारायला हवे हे समजावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपले व संस्थेचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही. आपल्याला ते रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे.

माझी निवड झाल्याचे आपले पत्र आले, तेव्हा त्यात अभिनंदनाची एकच ओळ होती आणि बाकीचे पानभर कामाचे तपशील होते. काम कोणते, ते कुणाच्या देखरेखीखाली करायचे, रोजची वेळ काय, सुट्टी कोणत्या दिवशी, माझ्या अहवालावर नाव कुणाचे राहील आणि विद्यावेतन किती व केव्हा मिळेल, हे सर्व त्यात स्वच्छ लिहिलेले होते. त्यातला ‘केव्हा’ माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला. विद्यावेतनाचा पहिला हप्ता रुजू होण्यापूर्वीच खात्यात जमा होईल आणि उरलेली रक्कम ठरलेल्या तारखांना मिळत राहील, अशी तजवीज आपण लेखा विभागाकडून आधीच करून घेतली होती. मी त्यासाठी एका शब्दानेही विनंती केलेली नव्हती. करण्याचे धैर्यही मला झाले नसते.

ज्यांना शहरात हक्काचे घर आहे, त्यांना या तरतुदीचे महत्त्व चटकन जाणवणार नाही. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला खोलीची अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याचे भाडे किल्ली हातात पडण्यापूर्वी द्यावे लागते. प्रवासाचा पास लागलीच काढावा लागतो. याउलट विद्यावेतन बहुधा महिना संपल्यावर, आणि काही ठिकाणी तर संपूर्ण काम झाल्यावर प्रमाणपत्राबरोबर दिले जाते. म्हणजे खर्च अगोदर आणि पैसे नंतर. ही मधली फट ज्याला घरच्या पैशांतून बुजवता येते तोच विद्यार्थी शहरात पोहोचतो. ज्याला ती बुजवता येत नाही तो निवड होऊनसुद्धा नकार कळवतो, आणि कार्यालयाच्या नोंदीत मात्र ‘उमेदवाराने संधी स्वीकारली नाही’ एवढेच उरते. माझ्या वर्गातल्या एका अत्यंत हुशार मैत्रिणीने असाच नकार कळवला होता. तिला विद्यावेतन मंजूर झालेले होते. फक्त ते शेवटी मिळणार होते.

परत आल्यावर मी या विषयावर बरेच वाचन केले. विद्यार्थ्याने शिकता शिकता प्रत्यक्ष कामाच्या जागी जावे आणि त्या कामाचा मोबदला घ्यावा, ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यात कारखान्यातले काम पगारी होते. फ्रान्समध्ये विद्यार्थी, शिक्षणसंस्था आणि काम देणारी संस्था असा तिघांच्या सह्यांचा करार करावा लागतो, आणि इंटर्नशिप दोन महिन्यांहून अधिक काळाची असेल तर मोबदला देणे कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या परिषदेने मार्च 2014 मध्ये केलेल्या शिफारशीत लेखी करार असावा, शिकण्याची उद्दिष्टे त्यात नमूद असावीत आणि मोबदला मिळणार की नाही हे आधीच स्पष्ट सांगावे, असे म्हटले आहे. दुसरीकडे, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय असलेल्या व्हाइट हाउसमध्ये इंटर्नना मोबदला मिळू लागण्यास 2022 चा शरद ऋतू उजाडावा लागला. इतक्या मोठ्या आणि मानाच्या ठिकाणी जे व्हायला एवढा काळ गेला, ते आपण आपल्या विभागापुरते कुणी भाग न पाडता केलेत, याची जाणीव हे वाचताना मला सतत होत राहिली.

‘अनुभव मिळतो, हाच मोबदला’ हे वाक्य आम्हा विद्यार्थ्यांना वारंवार ऐकवले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही, पण अनुभवाने घरमालकाचे भाडे चुकते होत नाही. आणि जे काम विनामोबदला करून घेतले जाते, त्याकडे पुष्कळदा देणारेही फारसे लक्ष देत नाहीत. मग विद्यार्थी दिवसभर जुने कागद स्कॅन करत बसतो आणि त्यालाच प्रशिक्षण म्हटले जाते. पैसे मोजले की काम काय द्यायचे याचाही विचार करावा लागतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

राहण्याच्या जागेबाबतही आपण केलेली मदत अशीच नेमकी होती. मोठ्या शहरांतील अनेक विद्यापीठे उन्हाळ्यात रिकामी पडलेली वसतिगृहे इंटर्न विद्यार्थ्यांना थोड्या काळासाठी भाड्याने देतात, हे मला माहीत नव्हते. आपण अशा वसतिगृहांची यादी पाठवली आणि खोली पाहिल्याशिवाय, केवळ छायाचित्रांवर विसंबून, कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नयेत अशी ताकीद दिली. शहर अनोळखी असलेल्या विद्यार्थ्यांना गाठून, स्वतःच्या मालकीची नसलेली घरे दाखवून अनामत लुबाडणारे लोक सुट्टीच्या हंगामात हमखास सक्रिय होतात. त्यामुळे ही ताकीद किती वेळेवर आली होती, हे नंतर वसतिगृहातल्या इतर मुलींचे अनुभव ऐकून मला समजले. खोली निवडताना कार्यालयापासूनच्या अंतरापेक्षा संध्याकाळी उशिरा परतण्यासाठी थेट बस आहे का ते पाहा, हा आपला सल्ला तर मी प्रत्येक धाकट्या विद्यार्थिनीला देत असते.

आता कामाविषयी. एका गर्दीच्या मार्गावरील बसगाड्यांच्या नोंदी आपण माझ्या स्वाधीन केल्यात आणि नोंदींची फाइल उघडण्यापूर्वी त्या मार्गावरच्या एका थांब्यावर सकाळ-संध्याकाळ उभे राहून यायला सांगितलेत. थांब्यावर मी पाहिले की बराच वेळ एकही बस येत नाही, आणि मग दोन बस एकामागोमाग येतात. पहिली खच्चून भरलेली असते, तर दुसरीत बसायला जागा असते. फाइलमध्ये मात्र दोन बसमधला सरासरी अवधी दहा मिनिटांचा, म्हणजे वेळापत्रकाला धरूनच होता. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, या प्रश्नावर आपण मला हवा तेवढा वेळ झगडू दिलेत.

उत्तर सापडले तेव्हा झालेला आनंद मी विसरणार नाही. दर दहा मिनिटांनी बस येत असेल, तर अवचित थांब्यावर आलेल्या प्रवाशाला सरासरी 5 मिनिटे थांबावे लागते. पण एक बस 2 मिनिटांनी आणि पुढची 18 मिनिटांनी, असा क्रम चालू राहिला, तर बसमधला सरासरी अवधी दहाच मिनिटांचा राहतो. प्रवाशाची सरासरी प्रतीक्षा मात्र 8.2 मिनिटांवर जाते, कारण वीसपैकी अठरा मिनिटे त्या लांबलचक खंडाची असतात आणि बहुतेक प्रवासी नेमके त्यातच सापडतात. जी बस थोडी मागे पडते तिच्यासाठी थांब्यांवर जास्त माणसे साचतात, त्यांना चढवताना ती आणखी मागे पडते, आणि तिच्या मागच्या बसला माणसे कमी मिळाल्यामुळे ती तिला येऊन गाठते. नेवेल आणि पॉट्स या अभ्यासकांनी 1964 मध्येच याचे गणित मांडले होते, हे आपण मला उत्तर सापडल्यानंतर सांगितलेत. आधी सांगितले असते तर मी ते सूत्र नुसते उतरवून घेतले असते. विद्यार्थ्याला केव्हा सांगायचे आणि केव्हा गप्प राहायचे, याचे इतके अचूक भान मी फार थोड्या शिक्षकांत पाहिले आहे.

माझ्या अहवालाचा पहिला खर्डा आपण परत दिलात, तेव्हा त्याच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले बारीक अक्षरांतील शेरे होते. ‘सेवा समाधानकारक आहे’ या माझ्या वाक्याखाली रेघ ओढून आपण ‘कुणासाठी?’ एवढाच शब्द लिहिला होता. त्या एका शब्दामुळे संपूर्ण अहवालाची मांडणी वाहनांकडून प्रवाशांकडे वळली. दर शुक्रवारी दुपारी आपण माझ्यासाठी वेळ राखून ठेवत होतात आणि कितीही घाई असली तरी ती भेट पुढे ढकलली नाही. काय चांगले झाले, काय कच्चे राहिले आणि पुढच्या आठवड्यात काय करायचे, एवढेच बोलणे होई. ते थोडक्यात होत असे, पण त्यानंतर आठवडाभर मला चाचपडावे लागत नसे. वेळापत्रक आखणाऱ्या विभागाच्या बैठकीत आपण मला केवळ इतिवृत्त लिहायला बसवले नाही. माझा तक्ता मलाच समजावून सांगू दिलात, आणि एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी आकडेवारीवर शंका घेतली तेव्हा माझ्या वतीने उत्तर न देता माझ्याकडे पाहिलेत. त्या अधिकाऱ्यांनी पुढे मला वाहक आणि चालकांशी बोलण्याची परवानगी मिळवून दिली. प्रत्येक फेरीच्या शेवटी चालकांना मिळणारी विश्रांती उशीर झाला की कशी आक्रसते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. कोणत्याही फाइलमध्ये त्याची नोंद नव्हती.

शिफारसपत्राचा उल्लेख केला नाही तर हे आभार अपुरे राहतील. ‘विद्यार्थिनी मेहनती व शिस्तप्रिय आहे’ अशा ठरावीक ओळी त्यात नव्हत्या. मी कोणता प्रश्न हाताळला, कोणती पद्धत वापरली, कोणत्या ठिकाणी मला मदत लागली आणि कोणता भाग मी स्वतंत्रपणे पूर्ण केला, हे आपण सविस्तर लिहिलेत. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या पत्रातूनच निघाला होता, आणि मला उत्तरे देता आली, कारण ते काम खरोखरच माझे होते.

आता एक विनंती आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाने, इंटर्नशिप देणाऱ्या संस्थांकडून विद्यार्थी रुजू होण्यापूर्वी भरून घेण्यासाठी एक नमुना तयार करायचे ठरवले आहे आणि त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आपल्या त्या पहिल्या पत्रातील मुद्दे मी त्यात जसेच्या तसे घेऊ इच्छिते: कामाचे स्वरूप, देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे पद, कामाचे तास, अहवालावरील नाव, आणि विद्यावेतनाच्या रकमेइतक्याच ठळकपणे ते देण्याच्या तारखा. पहिला हप्ता रुजू होण्यापूर्वी देण्याबाबत काही संस्था लेखा नियमांची अडचण सांगतील, अशी शंका विभागप्रमुखांनी व्यक्त केली आहे. आपण ही अडचण कशी सोडवलीत, त्यासाठी कोणत्या शीर्षाखाली मंजुरी घेतलीत, हे सवडीने कळवलेत तर त्यांना दाखवण्यासाठी माझ्या हाती काही ठोस राहील. मसुद्याची प्रत स्वतंत्रपणे पाठवत आहे. त्याच्या समासातही आपले पेन्सिलीचे शेरे यावेत, अशी अपेक्षा आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
गेल्या उन्हाळ्यातील आपली इंटर्न