तीन मापे लिहिली म्हणजे त्रिकोण झाला, असे नाही

महोदय,

दिवाळी उलटली, गवत कापून झाले की कोकणात जागांची मापे घेण्याची घाई सुरू होते. सरकारी मोजणी वेगळी. आम्ही बोलतो आहोत ते घरच्याघरी होणाऱ्या मोजमापाबद्दल. वाटणीच्या बोलणीसाठी, कुंपणाच्या खर्चाच्या अंदाजासाठी, विक्रीआधीच्या खात्रीसाठी फीत धरली जाते, वहीच्या पानावर हातनकाशा काढला जातो, त्यावर बाजूंचे आकडे पडतात आणि लगेच गुंठे काढायला सुरुवात होते. मधली एक तपासणी राहून जाते. लिहिलेल्या तीन मापांचा त्रिकोण होतो तरी का? तिला अर्धे मिनिट लागते आणि ती न केल्याने पुढचा सगळा हिशेब फुकट जाऊ शकतो, म्हणून हे पत्र.

तिन्हींतली सर्वांत मोठी बाजू ओळखा. उरलेल्या दोन बाजूंची बेरीज तिच्याहून जास्त असेल तरच त्रिकोण होतो. शाळेत तिन्ही जोड्यांच्या बेरजा तपासायला लावतात. त्यात चूक काही नाही, पण तेवढे कष्ट लागत नाहीत. सर्वांत मोठ्या बाजूत कोणतीही बाजू मिळवली तरी येणारी बेरीज तिसरीहून जास्तच भरणार, त्यामुळे बाकीच्या दोन तपासण्या आपोआप पार पडतात.

बेरीज नेमकी मोठ्या बाजूइतकी आली तर? इथे मुले हमखास अडखळतात, आणि मोठेही. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० च्या ‘लीलावती’त हाच प्रश्न घेतला आहे. त्रिकोणासाठी ३, ६, ९ आणि चौकोनासाठी ३, ६, २, १२ अशी मापे देऊन, असे क्षेत्र (म्हणजे आकृती) सांगणाऱ्याला त्यांनी ‘धृष्ट’ (उद्धट) म्हटले आणि त्या आकृतीला ‘अक्षेत्र’. इतर भुजांची बेरीज एका भुजेहून कमी किंवा तिच्याइतकीच असेल तर क्षेत्र होत नाही, हे दोन्ही त्यांनी स्पष्ट सांगितले. पटवायचे कसे, तेही सांगितले: भुजांच्या मापाच्या सरळ काड्या भुजांच्या जागी मांडून दाखवा. आपल्याकडे अशा काड्यांना तोटा नाही. माडाच्या झावळीचे हीर सरळ असतात, हव्या त्या मापाला तुटतात आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला पुरतात. ३, ६ आणि ९ सेंटिमीटरचे तुकडे दिले की दोन तुकडे मोठ्यावर आडवे पडतात, शिरोबिंदू वर उचललाच जात नाही.

कंपासने काढायला लावले तर मात्र हीच मापे फसवतात. ९ सेंटिमीटरच्या पायावर दोन्ही टोकांकडून ६ आणि ३ त्रिज्येचे कंस काढले की ते पायावरच एकमेकांना टेकतात. पण पेन्सिलीच्या जाडीमुळे बराच भाग एकमेकांवर चढलेला दिसतो आणि मूल त्यातलाच एखादा बिंदू जरा वर धरून त्रिकोण पुरा करते. पाया अर्धा मिलिमीटर कमी पडला, म्हणजे ८९.५ मिलिमीटर झाला, तर जवळजवळ साडेचार मिलिमीटर उंचीचा त्रिकोण खरोखरच उभा राहतो. त्या मुलाला निव्वळ ‘चूक’ म्हणून सोडून देऊ नये. इतक्या लहान फरकातून इतकी उंची कुठून आली हे त्याला दाखवावे, कारण पुढे जमिनीच्या हिशेबात हीच गोष्ट पैशांत मोजावी लागते.

कंस न मिळण्याच्या तऱ्हाही दोन. पाया ९ आणि कंस ४ व ३ चे असतील तर दोन्ही एकमेकांपासून दूर राहतात, मध्ये २ ची फट पडते. पण पाया ३ धरून ९ आणि ४ चे कंस काढले तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात जाते. म्हणून दोन बाजू ठरल्या की तिसरी त्यांच्या फरकाहून मोठी आणि बेरजेहून लहान हवी. ४ आणि ९ असतील तर ५ आणि १३ दोन्ही वगळून ६ ते १२ या सातच पूर्णांकी बाजू चालतात. परीक्षेत नऊ लिहिणारे बरेच असतात.

आता फीत. आपल्याकडे अजून फूट-इंचांत मोजतात आणि लिहिताना मध्ये टिंब देतात. ७ फूट ८ इंच म्हणून ७.८, ५ फूट १० इंच म्हणून ५.१०, १३ फूट ५ इंच म्हणून १३.५. गणकयंत्र पहिल्या दोहोंची बेरीज १२.९ दाखवते आणि त्रिकोण होत नाही असा निकाल निघतो. खरी बेरीज १३ फूट ६ इंच आहे. त्रिकोण होतो, एका इंचाने का होईना. सगळी मापे इंचांत करून (९२, ७० आणि १६१) मगच तुलना करावी. मीटरमध्ये एका दशांशापर्यंत मापे घेतली असतील तर प्रत्येकात ०.०५ पर्यंत चूक दडलेली असते, तिन्ही मिळून ०.१५. बेरीज आणि मोठी बाजू यांतला फरक याहून कमी असेल तर होय किंवा नाही असे काहीच ठामपणे म्हणता येत नाही; पुन्हा मोजावे लागते.

कोकणातली मोठी अडचण उताराची. गडग्याच्या कडेने, करवंदीच्या जाळीला वळसा घालून, फीत जमिनीला टेकवत खाली नेली की माप वाढते. २० अंशांच्या उतारावर ४० मीटर मोजले तर आडवे अंतर ३७.६ मीटरच असते. समजा उरलेल्या दोन बाजू नीट आडव्या मोजून २२ आणि १७ मीटर आल्या. बेरीज ३९, म्हणजे ४० ला कमी पडते, आणि जागेवर डोळ्यांसमोर असलेला त्रिकोण कागदावर अशक्य ठरतो. अशा वेळी शेजाऱ्याने बांध सरकवला असा संशय घेण्याआधी फीत कशी धरली होती ते आठवावे. फीत आडवी ताणून, टोकाला ओळंबा सोडून, पायरी-पायरीने उतरायचे असते. तिन्ही बाजू उतारावरूनच मोजल्या तर तपासणी बिनबोभाट पार पडते, पण क्षेत्रफळ उताराचे येते आणि सातबारावरच्या आडव्या क्षेत्राशी जुळत नाही. तपासणी पार पडली म्हणून मापे बरोबर आहेत असे समजू नये. तिच्याने फक्त काही चुका पकडल्या जातात.

क्षेत्रफळ तीन बाजूंवरून काढायचे सूत्र शाळेत शिकवतात: परिमितीची निम्मी घ्यायची, तीतून एकेक बाजू वजा करायची, चारही संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे. ३०, ४० आणि ७२ मीटर घेतले तर निमपरिमिती ७१ येते, त्यातून ७२ गेले की उणे १, आणि वर्गमूळ निघतच नाही. यंत्र चूक दाखवते ती ही. धोका त्याच्या अलीकडच्या मापांत आहे. ३०, ४०, ६९ चे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांना किंचित कमी. तिसरी बाजू ६९.५ लिहिली की ते १४४ वर येते. अर्ध्या मीटरने अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा कागदावरून नाहीशी होते. उलट ३०, ४०, ५० या काटकोनी तुकड्यात ५० ऐवजी ५०.५ लिहिले तरी ६०० चौरस मीटरमध्ये पाव चौरस मीटरचाही फरक पडत नाही. म्हणून लांबट, चपट्या त्रिकोणांवर गुंठ्यांचा हिशेब बसवू नये.

चौकोनी जागेत चार बाजू मोजून भागत नाही, कर्ण मोजावाच लागतो, कारण त्याच चार बाजूंचे कितीतरी वेगळे चौकोन होतात. कर्ण धरला की दोन त्रिकोण पडतात आणि दोन्ही तपासावे लागतात. बाजू क्रमाने २०, २५, २२, ३० आणि कर्ण ४८ लिहिलेला असेल, तर २२ अधिक ३० चा त्रिकोण ठीक आहे, पण २० अधिक २५ म्हणजे ४५, इथे चूक उघडी पडते. एकच त्रिकोण तपासणारा ती पाहणार नाही. दुसरा कर्णही मोजून ठेवला तर त्यावरून काढलेले क्षेत्रफळ पहिल्याशी ताडून पाहता येते. जागा मोकळी असेल तर तेवढे श्रम जरूर घ्यावेत.

कौलारू छपराच्या कैचीलाही, म्हणजे वाशांच्या त्रिकोणी सांगाड्यालाही, हेच लागू, फक्त तिथे त्रिकोण होणे पुरेसे नाही. गाळा, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर, २० फुटांचा असेल तर दोन्ही बाजूंचे वासे १० फुटांहून मोठे हवेत, नाहीतर आढे (छपराचे सर्वांत वरचे आडवे लाकूड) वर उठणारच नाही. साडेदहा फुटांचे वासे घेतले तर त्रिकोण होतो, पण आढे जेमतेम सव्वातीन फूट वर जाते आणि उतार १८ अंशांच्याही आत राहतो. आपल्या पावसात एवढ्या सपाट पाख्यावर कौलांखाली पाणी शिरते. ३० अंशांच्या उतारासाठी वासा ११ फूट ७ इंचांच्या आसपास लागतो, भिंतीबाहेरचा भाग वेगळा.

हातनकाशावर प्रत्येक त्रिकोणाशेजारी तीन आकडे लिहायची सवय लावून घ्यावी: मोठी बाजू, उरलेल्या दोघींची बेरीज, आणि दोहोंतला फरक. फरक शून्य किंवा उणे आला तर फीत पुन्हा धरायची. फरक अगदीच थोडा असेल तर त्या त्रिकोणावरून गुंठे न काढता दुसरा कर्ण निवडायचा.

आपले,
दोन गणित शिक्षक,
राजापूर, जि. रत्नागिरी