ऊन दुपारचे, गरज संध्याकाळची

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवर सौर पॅनेल बसली. दुपारी मीटरवर बाहेर गेलेली युनिट बघून सगळे खूश! संध्याकाळी सात वाजता मात्र लिफ्ट, पाण्याचा पंप, दिवे एकदम सुरू होतात आणि तेव्हा सूर्य मावळलेला असतो. अनुदान किती मिळाले याची चर्चा रंगते. दुपारची वीज साठवायची कुठे, हे कुणी विचारत नाही.

खरे तर सह्याद्री हीच आपली मोठी बॅटरी. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प हेच काम करतो. मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. १०० युनिट खर्चून साधारण ७५-८० परत मिळतात. तोटा आहेच, पण सौर वीज वाया घालवण्यापेक्षा बरा. आपल्या मावळात शिरवटा येथे १८०० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पासाठी २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार झाला. त्याचे काम कुठवर आले, हे पुणेकरांना नियमित कळायला हवे. खडकवासला भरल्याची बातमी दरवर्षी पहिल्या पानावर असते. शिरवट्याला आतल्या पानावर चार ओळी तरी द्या.

– एक वाचक, कोथरूड, पुणे